एकोणचाळीस शून्यं आणि एक फुंकर

डोक्यावर औषधालाही केस नसलेला माणूस शर्टाच्या वरच्या खिशात कंगवा ठेवून वर्गात येतो, हे पाहून अकरावीच्या पहिल्याच तासाला आम्ही तेराही जण फिदीफिदी हसलो होतो. त्यात गळ्यात काळा लोकरी मफलर. जुलै महिना, अंगाला चिकचिक आणि हे गृहस्थ मफलर गुंडाळून उभे. सरांनी आम्हाला पोटभर हसू दिलं. मग खिशातून कुंकवाची एक जुनी डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. त्यातून रंगीत कागदी टिकल्या पडल्या. एस.टी.चा कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो ना, त्या भोकांतून पडणाऱ्या टिकल्या. सरांनी कंगवा मफलरवर खसाखसा घासला आणि टिकल्यांवर धरला. काहीच झालं नाही.

"परत," सर स्वतःलाच म्हणाले.

पुन्हा घासला, पुन्हा धरला. "परत." आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. सातव्या की आठव्या खेपेला एक पिवळी टिकली थरथरली, काठावर उभी राहिली आणि टुणकन जाऊन कंगव्याला चिकटली.

"हिला खाली कोन ओढून राह्यलंय?" सरांनी विचारलं.

"पृथ्वी," कुणीतरी पुटपुटलं.

"अख्खी?"

"अख्खी, सर."

"डोंगर, समुद्र, आपलं जाफराबाद, सगळं धरून?"

"हो सर."

"आन वर कोन ओढून राह्यलंय?"

"कंगवा."

"मंग जितलं कोन?"

आम्ही हसायचं विसरून गेलो. मी त्या पिवळ्या टिकलीकडे बघत बसले होते. जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यांखाली वाकणारा माझा बाप रोज बघत होते मी. खाली ओढणाऱ्याला कुणी हरवू शकतं, हे मला नवीन होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जाफराबादला आमच्या कॉलेजात विज्ञानाची तुकडी नुकतीच निघाली होती आणि निघाल्यापासूनच ती कधी बंद पडेल याची सगळे वाट पाहत होते. नियमात बसायला जेवढी पोरं लागतात, त्याच्या निम्मीही आम्ही नव्हतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बाबा स्वच्छ सांगून मोकळे झाले होते, "इथं शिकवतेत तवर शिक. जालन्याला ठेवनं आपल्याच्यानं व्हनार न्हाई." म्हणजे तुकडी गेली की मीही घरी. माझं सगळं त्या तुकडीत अडकलेलं होतं आणि तुकडी त्या टकल्या माणसात.

सर मूळचे आष्टीकडचे. घरची माणसं तिकडेच, सर इथं कॉलेजसमोरच्या एका खोलीत एकटे. जेवायला शेजारच्या मावशीच्या खानावळीत. ही मावशी भाकरीसाठी प्रसिद्ध होती आणि तोंडासाठी त्याहून जास्त. पण सर तिला पुरून उरायचे. भाकरी थापताना मोडली की ती शिवी हासडायची आणि सर पाटावरून शांतपणे म्हणायचे, "परत."

"तुमी येऊन थापा की मंग," मावशी म्हणायची.

एकदा सर खरंच उठले आणि थापायला बसले. एकामागून एक भाकऱ्या मोडल्या. बाकीची गिऱ्हाईकं ताटावर खोळंबली. शेवटी एक वेडीवाकडी भाकरी तव्यावर टिकली, तेव्हाच सर उठले आणि तीच त्यांनी खाल्ली. मावशी पुढे कित्येक दिवस ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

गावात त्यांच्याविषयी आदर कमी आणि करमणूक जास्त होती. वर्षातून चार-पाच कंगवे ते विकत घ्यायचे. दुकानदार मुद्दाम विचारायचा, "सर, ह्यो कोनाच्या डोक्यासाठी?" सर गंभीरपणे सांगायचे, "पृथ्वीला हरवायचंय." लग्नात मांडवाच्या पताकांवर प्रयोग. जालन्याच्या एस.टी.त शेजारच्या बाईच्या पोराला प्रयोग. जाफराबाद-जालना मार्गावरचे निम्मे कंडक्टर त्यांच्यासाठी टिकल्या साठवून ठेवत. एका कंडक्टरनं तर त्यांना रंगाप्रमाणे वेगवेगळ्या पुड्या करून दिल्या होत्या, त्याचा सरांना इतका अभिमान की त्या पुड्या त्यांनी मुख्याध्यापकांना नेऊन दाखवल्या.

पण कंगवा ही नुसती प्रस्तावना होती. सरांचा खरा जीव होता तो एका आकड्यात.

हायड्रोजनचा अणू घ्या. आत एक प्रोटॉन, बाहेर एक इलेक्ट्रॉन. दोघं एकमेकांना दोन तऱ्हांनी ओढतात. एक ओढ विजेची, चार्जमुळे. दुसरी गुरुत्वाकर्षणाची, वस्तुमानामुळे. पहिलीला दुसरीनं भागा. किती येतं? आमच्या पुस्तकात हे इंग्रजीत अर्ध्या ओळीत उरकलं होतं. दहाचा एकोणचाळिसावा घात, की झालं. सरांना त्या घाताचा भयंकर राग. "घात म्हंजी आळस," ते म्हणायचे. "ह्या डोक्यावरच्या चिमुकल्या आकड्यानं काय कळतं? एकदा तरी पाय दुखस्तोवर चाला. मंग बसा गाडीत."

दरवर्षी ते अकरावीच्या पोरांना कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी नेत. हातात गेरूचा डबा आणि कुंचला. पहिला दोनाचा आकडा सर स्वतः काढत. पुढची शून्यं पोरांनी काढायची. आम्ही तेरा होतो, शून्यं एकोणचाळीस. "प्रत्येकाला तीन. वाटणी बराबर बसली," सर इतके खूश झाले की जणू विश्वानं आमच्या वर्गाची पटसंख्या पाहूनच तो आकडा ठरवला होता. खरा आकडा दोनाहून थोडा जास्त आहे, पण वरचं चिल्लर सरांनी सोडून दिलं होतं. माझी शून्यं अठ्ठाविसावं, एकोणतिसावं आणि तिसावं. एकोणतिसावं जरा अंड्यासारखं आलं. ते पुसून परत काढायला लावलं, हे सांगायला नकोच.

त्या दिवशी मीच विचारलं होतं, "पण सर, दोघांमधलं अंतर किती धरायचं?"

सरांचा चेहरा उजळला. "काय बी धर. दोनी ओढी अंतरानं सारख्याच कमी व्हत्यात. भागलं की अंतर कटून जातं. जवळ असो, लांब असो, आकडा त्योच. जाफराबादेत त्योच, मुंबईत त्योच. मुंबईच्या कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनला एक शून्य जास्त न्हाई, ध्यानात ठेव."

मी ते ध्यानात ठेवलं. पुढे शिष्यवृत्तीवर औरंगाबादला बी.एस्सी.ला गेल्यावर फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या पोरींसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची, तेव्हा मी मनात हेच वाक्य म्हणायचे.

अर्थात प्रश्न उरतोच. वीज एवढी दांडगी, तर राज्य गुरुत्वाकर्षणाचं कसं? सफरचंद खाली का पडतं, आपण जमिनीला का चिकटून? सर म्हणायचे, "विजेत दोन पार्ट्या. प्लस आन मायनस. जितके हे तितकेच ते. एकमेकाला मारून बसत्यात, बाहेरच्याला काय दिसतच न्हाई. गुरुत्वाकर्षण बिलकुल कमजोर. पर त्याच्यात फूट न्हाई. थोडं थोडं सगळं एकाच बाजूला जमा व्हत जातं. आन त्याला सुट्टी न्हाई. आयतवारी बी न्हाई." सर स्वतःही रविवारी वर्ग घ्यायचे, त्यामुळे यावर आम्ही फार खूश होत नसू.

दिवाळीच्या आधीच आमच्यातला एक पोरगा यायचा बंद झाला. पिंपळगाव रेणुकाईचा. बापाला शेतात माणूस कमी पडत होतं. इतर कुणी शिक्षक असता तर हजेरीत रेघ मारून मोकळा झाला असता. सर रविवारचा वर्ग उरकून जीपमध्ये कोंबून घेऊन पिंपळगावला गेले. काय झालं ते त्या पोरानंच नंतर आम्हाला नकलेसकट सांगितलं. सरांनी अंगणात बसून आधी पाखडलेल्या ज्वारीचा कोंडा कंगव्यानं उचलून दाखवला. शेजारीपाजारी गोळा झाले. मग सर बापाला म्हणाले, "तुमचं पोरगं गेलं तर आमची तीन शून्यं जातात."

"म्हंजी?"

"म्हंजी हजार पटीनं खाली येतो आम्ही."

बापानं जरा विचार केला. "मंग ती शून्यं दुसऱ्या कोन्हाला देऊन टाका की."

"तसं चालत न्हाई. ज्यानं काढली त्यानंच जपायची."

बाप हसू लागला ते थांबेच ना. दुसऱ्या दिवशी स्वतः पोराला कॉलेजात सोडायला आला आणि जाताना आमच्यादेखत म्हणाला, "मास्तर येडा हाय. पर पोरगं ह्याच्याच हाताखाली ऱ्हाऊ द्या." त्या पोराच्या तीन शून्यांच्या बाजूची तीन माझी, त्यामुळे मला विशेष आनंद झाला.

आता मी ज्या दिवसाकडे यायचं टाळते आहे, तिथं आलं पाहिजे.

आमची बारावी सुरू झाली आणि वरच्या कार्यालयातून पत्र आलं. विज्ञान तुकडीची तपासणी होईल. प्रयोगशाळा, साहित्य, प्रात्यक्षिक पाहून तुकडी ठेवायची की नाही ते ठरेल. मुख्याध्यापकांनी पत्र वाचून दाखवलं आणि सरांकडे असं पाहिलं, की जणू प्रेत उचलायची तयारी करायला सांगत होते. तपासणी ऑगस्टमध्ये. हवेत ओल, भिंतींना बुरशी. आणि आमच्या प्रयोगशाळेत दाखवण्यासारखं जे होतं, ते सगळं स्थिर विजेचं. दमट हवेत ती वीज टिकतच नाही. ओल तिला हळूच पळवून नेते.

"दुसरं काही दाखवा ना सर," आम्ही म्हणालो. भिंगं होती, लंबक होता.

"न्हाई," सर म्हणाले. "हेच दाखवायचं. आपल्या भिंतीवर हेच लिवलंय."

मग आठवडाभर आम्ही ओलीशी लढलो. ज्वारीच्या धाटाची साल सोलून आतला भेंड काढला. लहानपणी याच भेंडाच्या बैलगाड्या केल्या होत्या, आता त्याचे वाटाण्याएवढे हलके गोळे केले. गोळा टांगायला रेशमाचा धागा लागतो. राखी पौर्णिमा नुकतीच झाली होती, सरांनी मनगटावरची राखी उसवून धागा काढला. आणि हे सगळं कोरडं करायला अख्ख्या जाफराबादेत एकच जागा होती, ती मावशीची चूल. पहिला कंगवा सरांनी उत्साहात सरळ पालथ्या तव्यावर ठेवला. तो वाकून त्याचे दात एकमेकांत गेले.

"आता ह्यानं कोनाचे केस इंचरायचे?" मावशी म्हणाली. मग तिनंच उपाय काढला. चुलीच्या वर तिचं शिंकाळं टांगलेलं होतं, त्यात ती काडेपेटी आणि पापड ठेवायची. "माझी काडी कवाच सादळत न्हाई. ठिवा तितं तुमची वीज."

कंगवा, मफलर, भेंडाचे गोळे, धागा, सगळं शिंकाळ्यात गेलं. प्रयोग करायचा झाला की मी पळत जाऊन गरम डब्यात सामान आणायची. माझं घर जवळ, पाय चपळ, म्हणून ते काम माझ्याकडे. आणखी एक सक्त नियम सरांनी केला होता. टेबलाजवळ उभं राहणाऱ्यानं तोंडावर रुमाल किंवा ओढणी धरायची. "श्वासात पानी असतं. तुमच्या एका उसाशानं आपली आठ दिवसांची म्हेनत जाईल." सराव करताना तीनदा जमलं, चारदा फसलं. "परत," सर म्हणायचे. आम्हाला तो शब्द स्वप्नात ऐकू यायला लागला.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. साहेब दुपारी जीपनं आले, चष्मा पुसत प्रयोगशाळेत बसले. मुख्याध्यापक त्यांच्या मागे हात जोडून. साहेब काही वाईट मनाचे नव्हते, पण त्यांना लवकर निघायचं होतं आणि तुकडीचा निकाल त्यांनी गाडीतच लावलेला दिसत होता. मी डबा घेऊन पळत आले. सरांनी गोळा टांगला, मफलरवर कंगवा घासला, जवळ नेला.

गोळा हलला नाही.

"परत."

नाही.

"परत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मुख्याध्यापक खोकले. सर घासतच होते, कपाळावर घाम, मफलर सुटून लोंबत होता. पाचवी, सहावी, सातवी खेप. साहेब म्हणाले, "असू द्या सर, हवाच तशी आहे," आणि खुर्ची मागे सारली.

मी सरांच्या अगदी बाजूला, कंगव्याच्या मागे उभी होते. साहेब उठले की माझं शिक्षण उठलं, एवढंच मला दिसत होतं. बाबांचा चेहरा दिसत होता. मी ओढणी तोंडावरून जराशी खाली केली आणि कुणाला कळणार नाही अशी हलकी फुंकर घातली.

गोळा कंगव्यापासून झोकात दूर गेला.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "सजातीय चार्ज, प्रतिकर्षण. बरोबर?" त्यांना कॉलेजातलं काहीतरी आठवलं असावं. ते खूश झाले. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर रंग आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, चहाचा घोट घेतला आणि निघाले. सर मात्र जिथल्या तिथे उभे होते. हातात कंगवा, नजर त्या गोळ्यावर. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मग एकदम ते पावसात धावत सुटले. आम्ही खिडकीशी गर्दी केली. फाटकापाशी त्यांनी जीप अडवली. काच खाली झाली. सर बोलत होते, साहेब ऐकत होते. गाडीचं इंजिन बंद झालं. साहेबांनी फाइल मांडीवर घेतली आणि बराच वेळ लिहिलं. जीप गेली. सर ओलेचिंब होऊन वर्गात आले.

"गोळा आधी कंगव्याकडं यायला पाह्यजे व्हता," ते म्हणाले. "आधी येतो, चिकटतो, त्याच्याकडून चार्ज घेतो आन मंगच दूर पळतो. ह्यो आलाच न्हाई, सरळ पळाला. ते विजेनं झालं न्हाई. मी साहेबाला तसं सांगितलं. जानेवारीत परत येतील. हवा कोरडी ऱ्हाती."

 मग पिंपळगावचा पोरगा उसळलाच. "सर, तुमी आमची तुकडी बुडवली!" आणखी दोघं-तिघं ओरडले. मी नाही ओरडले. पण मनातून सर्वांत जास्त मीच चिडले होते. मी जीव मुठीत धरून जे वाचवलं होतं, ते या माणसानं पावसात नेऊन फेकलं. कुणी फुंकर घातली, हे सरांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मी सांगितलंही नाही. सांगितलं तर कॉलेजातून काढतील, ही भीती होती. त्या भीतीला मी राग हे नाव देऊन बारावी संपेपर्यंत सरांशी तुटक वागले. आज लाज वाटते.

जानेवारी आला. सरांनी टेबल मांडलं, नवे गोळे, नवा धागा. हवा इतकी कोरडी की कंगवा हातभर लांब धरला तरी टिकल्या उड्या मारत होत्या. साहेब आले नाहीत. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. त्यांची बदली झाली असं कळलं. पण गंमत अशी झाली की, त्यांच्या शेऱ्यात पुन्हा तपासणी करावी असं होतं आणि ती होईपर्यंत तुकडी बंद करण्याचा अधिकार कुणालाच राहिला नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. आम्ही तेराच्या तेरा बारावी झालो. पुढची तुकडी आली, त्याच्या पुढची आली. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सर टेबल मांडून बसत. "आज येतील," म्हणत. पोरं हसत आणि प्रयोग बघून शिकून जात.

मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले आणि दोन हजार सालानंतर त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सर तेव्हा निवृत्त होऊन आष्टीला गेले होते. एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकायची. सर सर्वांत ज्येष्ठ असूनही उपमुख्याध्यापक कधी झाले नाहीत, त्यांच्या मागून आलेले झाले. लोक म्हणायचे, टकल्यावर कंगवा फिरवणाऱ्याला कोण करणार उपमुख्याध्यापक. मीही तेच धरून चालले होते.

मग एकदा तुकडीचे जुने कागद हवे होते म्हणून मी कार्यालयातलं कपाट उपसलं आणि ती फाइल हाती आली. साहेबांचा शेरा, पावसाच्या थेंबांनी शाई पसरलेला. "प्रात्यक्षिकाच्या वेळी गोळ्यावर आपण स्वतः फुंकर मारली, असे संबंधित शिक्षकांनी आपणहून सांगितले. शिक्षकास लेखी समज द्यावी व सेवापुस्तकात नोंद घ्यावी. प्रयोग कोरड्या हवेत पुन्हा पाहावा. तोपर्यंत तुकडीबाबत निर्णय घेऊ नये." खाली समजपत्राची प्रत, आणि मिळाल्याची सरांची सही. तीच बारीक, एकही वळण न चुकवणारी सही.

मी तिथंच फरशीवर बसले. शिपायानं पाणी आणून दिलं. मला वाईट वाटलं, रडू आलं, आणि स्वतःचा एवढा राग आला की तो अजून पुरता गेलेला नाही.

त्याच दिवशी मी सरांना पोस्टकार्ड टाकलं. "जानेवारीच्या पहिल्या सोमवारी पुन्हा तपासणी आहे. यावे." कारण लिहिलं नाही.

सर आले. आष्टीहून दोन गाड्या बदलून, काठी टेकत, गळ्यात मफलर. आधी मावशीच्या चुलीपाशी जाऊन आले. मागच्या भिंतीवरचा आकडाही पाहिला. आता वर्गात साठ पोरं आहेत, शून्यं पुरत नाहीत, पोरांची भांडणं होतात, असं मी सांगितलं तेव्हा ते फार समाधानानं हसले. मग शेवटच्या बाकावर पोरांमध्ये जाऊन बसले.

मी गोळा टांगला. कंगवा घासला. गोळा सरळ कंगव्यापाशी आला, चिकटला, क्षणभर थांबला आणि फटकन दूर पळाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि ज्या टेबलापाशी ते घडलं होतं, त्याच टेबलापाशी उभी राहून सगळं सांगितलं. ऑगस्ट, साहेब, ओढणी. "फुंकर माझी होती," मी म्हणाले. "सरांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली. मी इतकी वर्षं गप्प बसले." मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा कधीच झालं नसतं.

साठ माना मागे वळल्या. सरांनी खिशातून कंगवा काढला, उगीचच दोन्ही हातांत फिरवला.

"म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "त्या बाजूला तू एकलीच व्हतीस."

"मग सर, माझं नाव का नाही सांगितलं? तुम्ही तर प्रयोगात कधी खोटं..."

"प्रयोगातलं खरंच सांगितलं की. गोळा विजेनं हलला न्हाई, हे सांगितलं."  मग भिंतीच्या दिशेनं काठी करून म्हणाले, "तुझं नाव सांगितलं असतं तर तुला काढलं असतं. तीन शून्यं गेली असती."

 मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही, पोरांनी पाहिलं तर पाहू दे.

"परत दाखव," सर मागून म्हणाले. "मला हितून बराबर दिसलं न्हाई."

मी पदर तोंडावर धरला आणि कंगवा घासायला घेतला.